पहिल्या फळीतील आरोग्यसेवा, निरीक्षण आणि नवे उपाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आशा कार्यकर्त्या, आरोग्य सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थांमधील सहकारी प्रशिक्षणात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेक उदाहरणे महाराष्ट्रातील आहेत, कारण या विषयातले काही पायाभूत काम गडचिरोली, जामखेड आणि महाड येथेच झाले आहे.

पहिल्या फळीतील आरोग्यसेवा म्हणजे नेमकी कोणती?

आजारी माणूस आणि आरोग्यव्यवस्था यांची पहिली गाठ जिथे पडते, ती. आपल्याकडे साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा असते, सपाटीवर ५,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असते आणि अनुक्रमे ३०,००० व २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. कागदावरचा निकष आणि प्रत्यक्षातली रिक्त पदे यांतले अंतर वाचकांना सांगायला नको.

निरीक्षण म्हणजे वरिष्ठांची तपासणी भेटच ना?

नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच निरीक्षण हा शब्द आपल्या खात्यात बदनाम झाला आहे. तपासणीला येणारा अधिकारी ठरलेले काम झाले की नाही ते पाहतो, तर निरीक्षण करणारा माणूस प्रत्यक्षात काय घडते ते पाहतो आणि ते तसे का घडते, याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असे धरून चालत नाही.

एक साधा प्रसंग सांगतो. रक्तदाबाचे रुग्ण गोळ्या मध्येच सोडतात, अशी एका केंद्राची तक्रार होती आणि ‘लोकांमध्ये जागृती नाही’ हे त्याचे तयार कारणही होते. आम्ही दोन आठवडे ओपीडीच्या व्हरांड्यात बाकावर बसून फक्त पाहिले. गोळ्या दर वेळी सात दिवसांच्याच मिळत. आठवडी बाजाराच्या दिवशी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना केसपेपर काढून, डॉक्टरांना दाखवून औषधाच्या खिडकीपाशी पोहोचेपर्यंत दुपार होई, आणि मग परतीची एसटी गाठायची म्हणून काही जण ती शेवटची रांग सोडून देत. जागृतीचा प्रश्न कुठेच नव्हता. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे त्यांना महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या आणि बाजाराच्या दिवशी त्यांची रांग वेगळी लावायची, एवढाच बदल करावा लागला. तो मंजूर करून घ्यायला मात्र निरीक्षणापेक्षा जास्त दिवस गेले.

आमच्या ओपीडीच्या नोंदी व्यवस्थित आहेत. मग वेगळे निरीक्षण कशासाठी?

ओपीडीचे रजिस्टर फक्त जे येतात त्यांच्याबद्दल बोलते. जे येत नाहीत, त्यांची ओळ त्यात नसते.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार आढळला, आणि त्याआधी अशी तपासणी कधी झालेल्या स्त्रिया मात्र सुमारे ८ टक्केच होत्या. त्या काळी गावातील स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समजले जाई. दवाखान्याच्या नोंदी पाहून कोणी निष्कर्ष काढला असता, तर या आजारांचे प्रमाण नगण्य आहे असेच त्याने लिहिले असते.

गडचिरोलीतील नवजात बालकांच्या कामाचा दाखला नेहमी दिला जातो. त्यात निरीक्षणाचा वाटा कोणता होता?

तिथे निरीक्षण आधी झाले आणि उपाय नंतर आला, म्हणून तो दाखला द्यावा लागतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८५-८६ च्या सुमारास ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बालके मोठ्या संख्येने दगावतात हे त्यांना दिसत होते, परंतु बाळंतपणे घरी होत होती. जन्मल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत त्या अंधाऱ्या बाळंतखोलीत बाळाचे काय होते, हे कोणत्याही डॉक्टरने पाहिलेले नव्हते. त्यामुळे १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या, थोडेफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण दिले गेले. त्या बाळंतपणाच्या वेळी हजर राहत, नंतर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळाचे वजन आणि तापमान घेत, श्वास मोजत, बाळ दूध कसे ओढते ते पाहत आणि सारे छापील तक्त्यावर नोंदवत. त्यांना नाव मिळाले आरोग्यदूत.

त्या वर्षीच्या ७६३ बाळांच्या नोंदींतून जे दिसले, ते आजही वाचताना थबकायला होते. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली फक्त २.६ टक्क्यांना आणि रुग्णालयात पोहोचली ०.४ टक्के. म्हणजे हजार बाळांमागे चार. ‘बाळाला रुग्णालयात न्या’ हा सल्ला त्या परिस्थितीत कितीही बरोबर असला, तरी तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता.

त्यानंतरचा विचार ओघानेच आला. बाळ रुग्णालयापर्यंत जात नसेल, तर उपचाराने बाळापर्यंत जायला हवे. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला उबदार ठेवणे, लगेच स्तनपान सुरू करणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास तोंडावाटे औषध व जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सर्व आरोग्यदूतांना शिकवले गेले. या ३९ गावांतील नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत तो ५७.७ वरून ५९.६ झाला होता. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले.

गावातील बाईला जंतुसंसर्ग ओळखता येईल, यावर डॉक्टरांनी विश्वास कसा ठेवला?

बरेच दिवस ठेवलाच नाही. इंजेक्शनवरून तर वादंग झाला. परंतु निदानाची रीत जवळून पाहिली, तर त्यात निरीक्षण किती खोल मुरले आहे ते कळते. रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही. सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली, तर जंतुसंसर्ग समजायचा. त्यांतली पहिली तीन लक्षणे अशी: आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण होणे किंवा थांबणे, आधी नीट ओढणाऱ्या बाळाने दूध ओढणे कमी करणे किंवा सोडणे, आणि आधी टवटवीत असलेले बाळ मलूल होणे.

‘आधी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. बाळाची तुलना पाठ्यपुस्तकातल्या बाळाशी नसून त्याच्या स्वतःच्या कालच्या अवस्थेशी आहे, आणि ती अवस्था पाहिलेली माणसे दोनच: आई आणि घरभेटीला येणारी आरोग्यदूत. पाच मिनिटांसाठी बाळ हातात घेणाऱ्या बालरोगतज्ज्ञाकडे ही माहिती नसते. ‘कालपासून पोर अंगावर नीट पीत नाही’ हे बाळंतिणीचे वाक्य आपण किती वेळा कानाआड करतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

श्वास मोजण्याचे मण्यांचे साधन म्हणतात, ते काय होते?

लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्याची साधी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील, तर गती वाढली आहे असे समजतात. हा निकष दाईला शिकवायचा, तर दोन अडचणी होत्या. तिच्याकडे घड्याळ नव्हते, आणि पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणे तिला जमत नव्हते. दहापर्यंत मात्र जमत होते.

त्यावर गडचिरोलीत जे साधन तयार झाले, त्यात एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. बाळाच्या पोटाकडे पाहत दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळासाठी एक ओळ आणि मोठ्या मुलासाठी दुसरी. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलात, तर न्यूमोनिया. आकडा लिहायचा नाही, वाचायचाही नाही.

याला कोणी ‘गरिबांसाठीची तडजोड’ म्हणाले, तर मला ते पटत नाही. जिच्या हातात साधन जाणार, तिला काय येते इथून सुरुवात केली म्हणूनच हे सुचले. काय येत नाही याची यादी करत बसलो असतो, तर आपण साक्षरता वर्ग काढला असता आणि मुले मरत राहिली असती. न्यूमोनियावरील या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. गावातील कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या मुलांमध्ये मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते.

आमच्याकडे संस्था नाही, निधी नाही. एकट्या डॉक्टरला असे काही करता येते का?

महाडचे उदाहरण पाहावे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत होती, आणि त्याचे नेमके कारण पुस्तकांत सापडत नव्हते. त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून तासातासाला नोंदी ठेवल्या. दरदरून घाम, उलट्या, थंडगार पडणारे हातपाय, आधी चढणारा रक्तदाब, वाढत जाणारी नाडी आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरून लागणारी धाप, असा क्रम त्यांतून उलगडत गेला. ही लक्षणे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली.

क्रम कळल्यावर औषधाची दिशाही कळली. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य ताण येतो, तर त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध हवे. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी त्यांनी याच तर्काने वापरली. गंभीर दंशात पूर्वी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर तीन टक्क्यांच्या आत आले. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबत त्यांनी प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हेही महाडमध्येच तपासले आणि तो अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. खाटेशेजारच्या त्या नोंदींसाठी मुख्यतः लागले ते रक्तदाबाचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि वही. रात्रभर जागण्याची तयारी ही चौथी गोष्ट, आणि खरे तर तीच दुर्मीळ आहे.

निरीक्षण कोणी करावे: बाहेरच्या तज्ज्ञाने की गावातल्या माणसाने?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा गावोगावी प्रशिक्षित नर्स पाठवायच्या अशी त्यांची कल्पना होती. बाहेरून आलेल्या नर्स गावात रमत नाहीत आणि गावातल्या बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी गावातूनच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. कोणाच्या घरी दुपारी चूल पेटत नाही, कोणत्या सुनेला दिवस गेले आहेत आणि कोणत्या वस्तीला पाण्यासाठी विहिरीवर ताटकळावे लागते, हे त्यांना विचारावे लागत नव्हते. बाहेरच्या माणसाचा उपयोग एवढाच की गावाला जे रोजचे म्हणून दिसेनासे झाले आहे, ते त्याच्या डोळ्यांना खुपते. दोघे मिळून पाहणे उत्तम.

आपण पाहत आहोत हे कळले की कर्मचारी नीटच वागतात. मग खरे चित्र कसे कळणार?

पहिल्या दिवशी कळत नाही. पहिले तीन-चार दिवस नोंदी घेऊ नयेत, फक्त बसावे, चहा प्यावा, लागल्यास केसपेपर लावायला मदत करावी. नोंदीत व्यक्तीचे नाव लिहू नये आणि ते लिहिलेले नाही हे त्यांना वही उघडून दाखवावे. आपल्या नोंदीवरून एकदा जरी कोणाला मेमो गेला, तरी त्या केंद्रात पुढची पाच वर्षे आपल्याला फक्त नाटकच पाहायला मिळेल.

चेकलिस्ट लावून आणि प्रशिक्षण देऊन प्रश्न सुटत नाही का?

कधी सुटतो, कधी नाही, आणि न सुटल्याची उदाहरणे आपण पुरेशी वाचत नाही. उत्तर प्रदेशातील १२० सरकारी केंद्रांमध्ये ‘बेटर बर्थ’ हा मोठा प्रयोग झाला; त्यांतल्या निम्म्या केंद्रांत सुरक्षित प्रसूतीसाठीची चेकलिस्ट आणि तिच्या जोडीला प्रत्यक्ष मार्गदर्शन दिले गेले, उरलेली निम्मी तुलनेसाठी होती. दीड लाखाहून अधिक माता आणि बाळे त्यात होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हात धुण्यापासून रक्तदाब मोजण्यापर्यंतच्या रीती स्पष्टपणे सुधारल्या, परंतु माता आणि बाळांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंती यांत फरक पडला नाही.

माझ्या मते यातून चेकलिस्ट निरुपयोगी ठरत नाही. रक्तदाब मोजला, तो वाढलेला निघाला, पण पुढे औषध, रक्त, शस्त्रक्रिया किंवा वेळेवर पोहोचणारी गाडी यांपैकी काही नसेल, तर मोजण्याने जीव कसा वाचणार? कर्मचारी काय करतो हे पाहताना, तो ते केल्यावर पुढे काय घडते, हेही पाहायला हवे.

आम्ही आधीच इतकी रजिस्टरे भरतो. त्यात आणखी एक?

अजिबात नाही. उपकेंद्राच्या टेबलावर रजिस्टरांची चवड आणि हातात दोन-तीन अ‍ॅप असलेल्या ताईला नवा फॉर्म देणे हा अन्याय आहे. मी स्वतः एके काळी सतरा रकान्यांचा तक्ता बनवला होता. तीन महिन्यांनी तो नीट भरून आला, आणि नंतर कळले की ताई महिनाअखेरीस एका बैठकीत सगळे रकाने अंदाजाने भरत होत्या. चूक त्यांची नव्हती. ज्या नोंदीवर भरणाऱ्याला स्वतःला काही निर्णय घ्यायचा नाही, ती नोंद खोटी होणारच. तेव्हा नवी नोंद सुरू करायची असेल, तर जुनी एक बंद करून घ्यावी, आणि ते जमत नसेल तर आहे त्याच रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात एक खूण ठरवावी.

निरीक्षण करताना रुग्ण गंभीर दिसला तर? आणि संमतीचे काय?

रुग्णाचा जीव धोक्यात असेल, तर त्या क्षणी निरीक्षण संपते आणि मदत सुरू होते. याला अपवाद नाही. संमती घरातल्या कर्त्या पुरुषाकडून न घेता बाळंतिणीकडून घ्यावी, आणि सासूबाई खोलीत नसताना घ्यावी. नाही म्हटले, तर तो विषय तिथेच थांबवावा.

यशस्वी प्रयोग सरकारी योजनेत गेला की त्याचे काय होते?

घरोघरी नवजात बालक सेवेच्या बाबतीत उत्तर आनंदाचे आहे आणि हळहळ लावणारेही आहे. महाराष्ट्रात आणि बांगलादेशातील सिल्हेट, उत्तर प्रदेशातील शिवगड अशा ठिकाणी निरनिराळ्या स्वरूपात घरभेटींवर आधारित सेवेचा अनुभव जमा झाल्यावर, २०११ पासून देशभरातील आशांकडे हे काम आले. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी, आणि घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात भेटी ठरल्या. त्यासाठी २५० रुपये मोबदला ठरला. २०१८ पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंतच्या आणखी पाच भेटींची जोड मिळाली.

हळहळ अशी की मूळ कामातला जड भाग वाटेत हलका झाला. आशाच्या हाती सर्वसाधारणपणे इंजेक्शन आले नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा आरोग्य सेविकेला दिली. दवाखान्यातील प्रसूती वाढल्या असल्याने हा बदल काही प्रमाणात समजण्यासारखाही आहे. परंतु ज्या पाड्यावरून पावसाळ्यात बाळ खाली आणता येत नाही, तिथे १९९५ सालचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. शिवाय गडचिरोलीत आरोग्यदूतांच्या कामाची नियमित फेरतपासणी होत असे. योजनेत भेटींची संख्या मोजली जाते, आणि भेटीत बाळाचे कपडे वर करून श्वास मोजला की दारातूनच विचारपूस झाली, हे त्या आकड्यात दिसत नाही.

मोबाईल अ‍ॅपने हे काम सोपे होईल का?

नोंद पाठवणे सोपे होईल. पाहणे सोपे होणार नाही, आणि मान खाली घालून रकाने भरणारी ताई बाळाकडे कमी पाहते, असा आमचा अनुभव आहे. आधी बाळ पाहावे, मग फोन काढावा.

आमच्या उपकेंद्रात सुरुवात कोठून करू?

एकच छोटा प्रश्न घ्यावा, ज्याचे उत्तर महिन्याभरात मिळेल आणि ज्यावरचा बदल आपल्या स्वतःच्या अधिकारात असेल. ‘कुपोषण का आहे’ हा प्रश्न घेऊ नये. ‘लसीकरणाच्या दिवशी नाव लिहिलेली, पण न आलेली बाळे कोणती आणि त्या सकाळी त्यांच्या घरी काय चालले होते’ हा प्रश्न चालेल. सत्र संपल्यावर त्याच संध्याकाळी त्या घरी जावे, कारण आठवड्याने विचारले तर ‘विसरलो’ एवढेच उत्तर मिळते. त्या दिवशी गेलात, तर रोवणीची मजुरी होती, थोरल्याला ताप होता किंवा मागच्या इंजेक्शनची गाठ पाहून आजी अडून बसली, असे खरे कारण ऐकू येते. दहा घरे झाली की कारणांची पुनरावृत्ती सुरू होते. मग सत्राची वेळ बदलून पाहावी, किंवा गाठीबद्दल आधीच सांगून पाहावे, आणि पुढच्या दोन सत्रांत न येणाऱ्या बाळांची संख्या पुन्हा मोजावी. फरक पडला नाही, तर तेही तारखेसह वहीत लिहून ठेवावे. ती वही उपकेंद्रातच राहू द्यावी. ताईची बदली झाली की नव्या ताईला पहिल्या दिवशी ती वाचायला मिळाली पाहिजे.